कुलपाचा फोन

विट्यात, स्टँडच्या मागं, चपलांच्या दुकानाला लागून
माझं दुकान. सहा फूट बाय आठ.
काचेखाली ठेवलेत ते सगळे मोकळे फोन,
कुठलंही कार्ड घाला, बोलतात.
पैसे मात्र एकरकमी मोजायचे,
आणि मग पडला, फुटला, तुमचं तुम्ही बघा.

खालच्या खणात बारा मेलेले पडलेत,
सगळे एकाच कंपनीचे.
पाचशेत मिळायचे तेव्हा, कार्डासकट,
अर्धं विटं कानाला लावून हिंडत होतं.
कंपनी बुडाली त्या रात्री
डोंगरावरचा तिचा टॉवर गप्प झाला
आणि धडधाकट फोन पोरांच्या खेळण्यांत गेले.
एक मी दाराला अडण म्हणून लावतो.

वैजंतामावशी आल्या.
पिशवीतून खोकं, खोक्यातून टॉवेल, टॉवेलातून फोन.
‘दस्तगीर, ऋतुराजनं धाडलाय. ओहायोस्नं.
माझं कार्ड घाल ह्यात.’
घातलं.
पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली.
काढलं, फुंकलं, पुन्हा घातलं. तीच ओळ.
मावशींना इंग्रजी वाचता येत नाही. मला येतं,
आणि त्या घटकेला वाटलं, नसतं आलं तर बरं.

कारण हे कुलूप कसलं ते मला ठाऊक आहे.
तिकडं कंपनी फोन हातात ठेवते, फुकटासारखा,
मग चोवीस महिने थोडं थोडं कापून घेते,
आणि तोवर तो परक्या कार्डाला ओळख देत नाही.
शेवटचा हप्ता गेला की सुटतो.
म्हणजे हा फोन अजून ऋतुराजचा नाही.
जे त्याचं नाही ते त्यानं
आईला पाठवलंय.

मी म्हणालो, कोल्हापुरात एक जण आहे,
दोन हजार घेतो, कुलूप उडवतो.
कधी कुलूप उडतं, कधी फोनच उडतो.
म्हणालो, वायफायवर चालेल, फोटो निघतील,
गजर होईल, अंधारात बॅटरी होईल.
सगळं बोललो, हप्ता एवढा शब्द सोडून.

पण त्यांचे मालक तीस वर्षं कोइमतूरला गलाईवर.
सोनाराच्या दुकानातला केर भट्टीत आटवून
कण कण सोनं काढणारा माणूस.
तसल्या घरातल्या बाईला
ऐवज आपला कुठला आणि दुसऱ्याचा कुठला
हे मी काय सांगणार.
‘फिटलं न्हाई व्हय अजून?’
मी खाली वाकून स्क्रू शोधायला लागलो.
‘किती ऱ्हायल्यात?’
खोक्यातली पावती उलगडली, बोटांवर मोजलं. ‘एकोणीस.’
‘मग ऱ्हाऊ दे. त्येचा फोन आला तर
मी आल्ते म्हणू नगंस.’

वर्गातला माझ्या तो. दर रविवारी विचारतो,
आईला जमतो का रे वापरायला?
जमतो, म्हणतो मी.

गिऱ्हाईक विचारतं, बांधलेला बरा का मोकळा?
पूर्वी मी पटकन सांगायचो, मोकळाच घ्या,
चार पैसे जास्त जातील पण कुणाची ताबेदारी नाही.
हल्ली आधी विचारतो, कुणासाठी घेताय?
लोक चमत्कारिक नजरेनं बघतात.

दर महिन्याच्या पाच तारखेला मावशी येतात.
बटणाच्या फोनातलं कार्ड मी काढतो, त्यात घालतो.
दोघं पडद्याकडं बघत बसतो.
चहावाल्याला वाटतं, काहीतरी लागणार आहे आज.
ओळ येते. मी कार्ड काढतो, जुन्यात परत घालतो.
पैसे घेत नाही. त्या बळंबळं दहा रुपये ठेवतात.

काल आल्या. आठ राहिलेत.
ओळ उमटली तशी त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं.
‘ह्ये नागावाणी वाकडं हाय न्हवं,
ह्ये मला आता वळखाय येतंय.’
एस होता.
मग टॉवेलात गुंडाळला, खोक्यात घातला,
आणि साडेपाचची बस चुकेल म्हणत
अडण पायानं सरकवून बाहेर पडल्या.