पुसलं काय

सात लॅपटॉप, जिनिंगच्या ऑफिसातल्या लांब टेबलावर.
उद्या अमरावतीहून हरणे येणार आहे.
नगाला अठराशे म्हणाला,
चार्जर चालू असला तर दोन हजार.
त्याआधी माझं काम.

नुसतं डिलीट केलं तर काहीच जात नाही.
मॅनेजरला पटेना, तेव्हा म्हटलं,
साहेब, सातबाऱ्यावरचं नाव खोडलं
म्हणून वावर उठून जातं का कुठं?
ज्याला हुडकायचं तो धुऱ्याधुऱ्यानं येतोच.
ते म्हणाले, मग नांगरून टाक.

म्हणून नांगरतोय.
शून्य, शून्य, शून्य, शून्य,
पहिल्या तासापासून पार धुऱ्यापर्यंत.
एकसष्ट टक्क्यांवर लाईन गेली.
तिसऱ्याची बॅटरी कधीचीच मेलेली,
ते पुन्हा पहिल्यापासून.

काय जातंय ते मला माहीत आहे. मीच भरलेलं.
गाड्यांची वजनं, भरलेल्या नि रिकाम्या.
ओलावा नऊ टक्के, बारा टक्के,
एकदा चुकून एकशे बारा, अन् तसंच बिल निघालं.
चारशे माणसांचे आधार नंबर,
पासबुकांचे फोटो, कडेला कोणाचा तरी अंगठा.
रेच्यावरच्या बायांची हजेरी.
त्यात निर्मला कुमरे, सलग चाळीस दिवस गैरहजर,
एक्केचाळिसाव्या दिवशी: मुलगी झाली, पेढे वाटले.
शेऱ्याला जागा नव्हती फॉर्मात,
ओव्हरटाइमच्या रकान्यात लिहिलं होतं मी.

सहा झाले. सातवा ऐकेना.
डिस्क नुसती घरघरते.
तिला काढून डोमाजी फिटरकडं नेली,
प्रेसच्या पट्ट्यांना भोकं पाडायच्या ड्रिलखाली.
त्यानं झाकण उघडलं. आत आरशासारखी चकती,
चकतीत त्याच्या मिशा.
"पुसलं काय?"
"पुसल्याच जात नाही ना, म्हणून तर आणली."
"तसं नाही बावा. बायांले, गाडीवाल्यांले.
ज्याईचं हाय त्याईले पुसलं काय?"

मी पट्टीवरचं ग्रीस बघत राहिलो.
भरतानाही कोणाला पुसलं नव्हतं.

तीन भोकं पाडायची होती.
चौथं त्यानं आपल्या मनानं पाडलं.

रात्री रजिस्टर भरलं,
सिरियल नंबर, तारीख, पद्धत, सही.
जाता जाता फडकं मारावं म्हणून पंखे उघडले
तर पात्यापात्यांत रुई,
पाच-सहा हंगामांची, राखाडी, दाबून बसलेली.
चिमटीनं ओढली की लांबत जाते, तुटत नाही.
ओढत बसलो.

बाहेर गंजीवर ताडपत्री फडफडत होती.
निर्मलाची पोरगी आता शाळेत जात असेल.
नाव काय ठेवलं,
पुसायचं राहिलं.