इथे सल्ला मिळत नाही

दारावरची पाटी मीच रंगवली:
'इथे सल्ला मिळत नाही. पुस्तक मिळते.'
'पुस्तक'मधला स्त काही साधला नाही.
लोक तरी येतात.

शनिवारी चार वाजता,
केप्याच्या बाजारामागे, सोलांच्या गोदामावरची माडी.
जिना चढतानाच कायद्याला आंबट वास येतो.
फळ्यावर आजचा विषय: मुंडकार.
अकरा खुर्च्या, चौदा माणसे,
खिडकीच्या कठड्यावर कुष्टा वेळीप,
चपला दाराबाहेर काढून, देवळात काढतात तशा.
घाला हो, मी म्हणते, फरशी गार आहे.
तो नाही घालत.

ब्रिजेत मावशीचा प्रश्न ठरलेला:
"दुसऱ्याच्या भाटात राहतो तो मुंडकार,
राहू देतो तो भाटकार, हे कळलं.
पण या पुस्तकात त्याच्यासाठी शब्द किती
आणि माझ्यासाठी किती?"
आम्ही मोजायला बसतो.
पाऊण तास जातो.

मग कुष्टाची पिशवी. पिशवीत पिशवी,
तिच्यात बिस्किटांचा डबा, डब्यात कागद.
वर हळदकुंकवाचे ठिपके,
एक कोपरा वाळवीने खाल्लेला,
अक्षरे पोर्तुगीज.
"आजा सांगून गेला, हा आहे तोवर
कोण उठवणार नाही आपल्याला.
दर चवथीला माटोळीखाली ठेवतो."
भाटकाराच्या नातवाने परवाच
कुंपणाचे खांब आणून टाकलेत.

सिप्रियांव मास्तरांनी भिंग पुसले.
एकदा वाचले. परत वाचले.
मग माझ्याकडे पाहिले,
डॉक्टर नातेवाइकाकडे पाहतो तसे.

"हा सायकलीचा परवाना आहे."

खाली कोणीतरी पोते ओढत होते.
इतकी वर्षे फुले वाहिली
एका काळ्या सायकलीला,
क्रमांक दोनशे एकोणीस, घंटीसहित.
कोणी हसले नाही.
कुष्टाने एवढेच विचारले,
"मग सायकल गेली कुठे?"

मास्तरांचे बोट मात्र पुढे सरकत होते,
मुंगी सरकते तसे, ओळीच्या कडेने.
नाव: वेळीप. धंदा: मजुरी.
राहणार...
इथे ते थांबले, चष्म्यावर पुन्हा भिंग धरले.
"राहणार, बिननंबरी घरात,
कामतांच्या भाटात, विहिरीच्या उगवतीला."
जून, एकोणीसशे चौपन्न.
सही, शिक्का, तिकीट.

विहीर अजून आहे? मी विचारले.
"आहे."
आणि घर तिच्या कुठल्या बाजूला?
कुष्टा उठला. माडीवर दिशा कळेनात त्याला.
खिडकीतून सूर्य पाहिला,
त्याकडे पाठ केली,
आणि हात लांब केला समोर,
कपाटांच्या, भिंतीच्या, बाजाराच्या पार.

तिसरे कपाट, खालचा कप्पा.
मी पान उघडून ठेवले. हे वाचा, म्हटले.
याहून जास्त मला म्हणता येत नाही,
पाटी माझीच आहे.
ब्रिजेत मावशीने मोठ्याने वाचले,
अडखळत, अर्धविरामांवर श्वास घेत,
आणि 'राहत असलेली व्यक्ती' आले तेव्हा
बोट ठेवून म्हणाली,
"हा घे. हा तू."

झेरॉक्स, पानाला दोन रुपये.
त्याने सहा प्रती काढल्या:
मामलेदाराला, वकिलाला मिळाला तर,
भावाला, मुलीला, एक भाटकाराच्या नातवाला,
एक अशीच.
ठिपके काळे उमटले प्रत्येकीवर.

सात दहाची शेवटची बस.
जिन्यात चपला घालताना तो वर वळला.
"बाय, यंदा चवथीला काय ठेवू?
हा की झेरॉक्स?"

त्यावर माझ्याकडे पुस्तक नाही.