खवले आणि पर

बुधवारी आला तो मुंबईहून,
डोक्यावर काळी टोपी,
बुटांवर आमच्या कारखान्याचे निळे प्लास्टिकचे मोजे,
हातात टॉर्च.
त्याच्यामागे साहेब, साहेबांमागे वही घेऊन मी.

अमसुलाचं एक साल उजेडात धरलं त्यानं,
उलटं केलं, नखानं उकललं.
किडा नव्हता.
दुसरं उचललं.
बाराव्या सालानंतर मी मोजणं सोडलं.

मग प्रश्न.
मीठ कुठलं? साखर कशानं पांढरी केली?
खोबरेलाच्या टँकरमधून आधी काय गेलं होतं?
वाफेचं पाणी फिरून जातं कुठे?
एवढं तर साहेबांना
मुलगी देताना त्यांच्या सासऱ्यानंही विचारलं नसेल.

बॉयलरच्या नळीवर
आमचे डबे ओळीनं ठेवलेले, गरम व्हायला.
तो थांबला. नाक वर केलं.
वैजयंतीच्या डब्यात जवळा होता,
कांदा-चिंच घातलेला, घमघमणारा.
साहेबांचा चेहरा उतरला.
तो मात्र हसलाच थोडा.
म्हणाला, वाईट नाही ते.
फक्त या वाफेवर नको.

त्या दिवसापासून आम्ही
बाहेर बदामाखाली जेवतो, गार.

मला आठवला रेवदंड्याचा बाजार,
आईची पाटी,
आणि पाटीसमोर उकिडवी बसलेली शेगुलाबाई चिंचोलकर.
तिच्या सासऱ्याचा घाणा शनिवारी बंद,
गावाला बैलाच्या विश्रांतीवरून वार कळायचा.
ती मटणात नारळाचं दूध घालायची, गाईचं कधीच नाही,
आणि मासा घ्यायची तो खवल्यांचा, परांचा.
रावस. पाला. सापडलं तर पापलेट.

पाटी भरलेली असली तरी
एखाद्या दिवशी आई लांबूनच ओरडायची,
"बाय, आज तुज्यासाठी काय नाय गो!"
पाटीत मुशी, वाम, शेंगाळा, ढीगभर कोळंबी.
गिऱ्हाईक परत पाठवणारी कोळीण
मी दुसरी पाहिली नाही.

एकदा मुशी कापून झाली होती.
शेगुलाबाई पाठ करून कुणाशी तरी बोलत होती,
लग्नाचं काही, हसत.
आईनं रावस ओढला,
कोयता उचलला,
थांबली,
तांब्या घेतला आणि पातं धुतलं,
आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या.
कुणी बघत नव्हतं.
मी सोडून.

साहेब सांगतात, आता माल दुबईला जाईल, अमेरिकेला.
तिथं ज्याला शनिवार-रविवार सारखाच
तोही म्हणे बाटली फिरवून खूण शोधतो.
का, ते त्यांना नीट सांगता येत नाही.
मला वाटतं, माणसाला एवढंच पुरतं
की आपल्या आधी कुणीतरी वाकून बघितलंय.

कागद आला. चौकट केली.
मुदत एक वर्ष, खाली सही.
शेगुलाबाई कधीच अश्दोदला गेली,
एकदा पत्र आलं होतं, मासे महाग आहेत म्हणून.
असली तर नव्वदीची असेल.

पहिल्या खोक्यातली एक बाटली मी घरी आणली.
आईला म्हटलं, याचे पैसे भरावे लागतात, दर वर्षी.
"कितीला?"
सांगितलं.
"अग्गो बाय! आनि मना कंदी कुनी चार आनं जास्ती दिलं नाय."

मग बाटली खिडकीपाशी नेली तिनं.
लेबलाच्या कोपऱ्यात ती खूण,
रावसाच्या खवल्याएवढी.
खरा खवला नखानं सुटतो, कातडं फाटत नाही,
हे शेगुलाबाईनंच तिला शिकवलेलं.
आईनं शेपटाकडून डोक्याकडे खरवडतात तसं
नख लावलं. पुन्हा लावलं.

"छापलेला हाय," म्हणाली,
आणि बाटली माझ्याकडे दिली.