सारूळची भुकटी

सारूळच्या क्रशरवरून आठवड्याला दोन गोणी येतात.
गोणीवर खताच्या कंपनीचं नाव, आत काळा खडक,
पिठासारखा.
अंबडच्या गाळ्यात आम्ही त्याला चंद्राची माती म्हणतो.
म्हणजे, तसं म्हणून बघतो.

तिथली खरी धूळ टोकदार.
वारा नाही, पाणी नाही,
कुणी कधी कुरवाळलेलंच नाही तिला.
आमच्या भुकटीला ओल ठाऊक आहे,
म्हणून आधी तापवून तिचं पाणी काढायचं.
परवा दोन तगाऱ्यांतून अर्धा कप निघालं.
फेकायला हात होईना कुणाचा;
खिडकीतल्या पुदिन्याला घातलं.

मग भट्टी. काटा अकराशेच्या पुढे सरकला
की कण कणाला धरतो,
सिमेंट नाही, थेंब नाही.
पहिल्या सतरा विटा तडकल्या.

तिमव्वा अलकुंटे गोण्यांसोबत टेम्पोतून येते.
तीस वर्षं खडी फोडली तिनं.
वीट कानाशी धरून नखानं वाजवते:
"ही बोदी. ही बी बोदी.
घाईनं गार केली तुमी हिला."
नोंदवहीत तेच होतं, आकड्यांत, तिसऱ्या पानावर.

"एक वीट वर न्यायला काय पडतं?"
मी सांगायला लागलो.
आकडा संपायच्या आत ती हसली.
"मंग विटा कशाला? छन्नी न्या.
दगड हाय ना तिथं?"

रविवारी पांडवलेणी चढलो.
लहानपणापासून पाहिलेली, पण या खेपेला
नुसत्या पोढ्या बघत बसलो:
कातळात खोदलेलं, कातळातच साठलेलं पाणी.
ज्यांनी कोरलं त्यांनी वर काय आणलं असेल?
लोखंड. पावसाळ्याच्या चार महिन्यांची भूक.
भिंत, निजायचा ओटा, पाण्याचं भांडं,
सगळं डोंगराकडूनच मागून घेतलं,
नको तेवढा डोंगर काढून.

श्वास मात्र त्यांना फुकट होता.
आम्हाला तोही खडकातून सोडवायचाय:
आहे आत, वजनाच्या निम्म्याला थोडा कमी,
लोखंडाला, वाळूला घट्ट मिठी मारून बसलेला.
वितळवतो, वीज घालतो.
परवा बुडबुडा आला, तो गळतीचा निघाला.

तडकलेल्या सतरा विटा तिमव्वानं मागून नेल्या.
सारूळला तिच्या दारामागं मोरी झाली त्यांची.
चंद्रावरच्या घराची पहिली भिंत ती:
गुडघ्याएवढी, एका अंगाला कललेली,
आणि दिवसभर तिच्यावर
पाणी.