चौफुली

वहीत सगळं एकाखाली एक होतं.
तारीख, विहीर, पाणी किती फूट खाली.
तारीख, विहीर, पाणी किती फूट खाली.
आठ महिने दर सोमवारी
टेपाला दगड बांधून नऊ विहिरींत वाकले,
तीनशे सहा ओळी झाल्या.
पंचायतीच्या कॉम्प्युटरवर खाली खाली सरकत
मातामायच्या विहिरीपासून निघावं
तर पुन्हा मातामायच्या विहिरीशी पोचायला
आठवडा लागायचा.

दाखल्यासाठी बसलेले बावणे काका मान वाकडी करून म्हणाले,
"हे तं एकाच अंगानं पेरलं वं पोरी.
चौफुली लाव.
डवरा उभा गेला पाह्यजे, आडवाही."

तारखा ठेवल्या डावीकडे, उतरत्या.
विहिरींची नावं उचलून माथ्यावर मांडली.
आकडे आपापल्या चौकात जाऊन बसले,
पंगतीत बसावेत तसे.

पहिल्यांदा चुकलंच.
पोळ्यानंतरच्या सोमवारी
शाळेच्या विहिरीचं पाणी बासष्ट फुटांवर,
आणि विहीरच पंचेचाळीस फुटांची!
मग आठवलं, माझ्याआधी वैभव मोजून गेला होता.
एकतीस त्याचे, एकतीस माझे.
एका चौकात दोघं आले
की मशीन विचारत नाही कोण खरं,
बेरीज करून टाकते.

एक चौक रिकामा निघाला.
तिथं शून्य टाकायचं नाही,
शून्य म्हणजे विहीर काठोकाठ.
रिकामा म्हणजे
त्या दिवशी मी आर्वीला परीक्षेला होते.

मग आडवा डवरा घातला.
लांजेवार आणि लाकडे, शेजारी शेजारी.
धुऱ्यावरून अकरा वर्षं बोलणं नाही.
हे तीन फूट उतरले, ते अडीच.
ज्या हप्त्यात लाकडेंची मोटर जळली
त्याच हप्त्यात लांजेवारांचं पाणी चढलं.
वहीत हे दोघं
एकमेकांना कधी भेटलेच नव्हते.

ग्रामसभेत लावायला प्रिंट काढली.
नऊ रकाने मावेनात. पान फाटलं
नेमकं त्या दोघांच्या मधून,
दुसऱ्या कागदावर लाकडे एकटेच पुढे.

कागद आडवा केला.
मावलं.