करंट गेल्यावर

वडगावात आमच्या गल्लीत
सकाळी सातपासून माग चालतात.
खटक् खट्, खटक् खट्.
आम्ही विणकर ओठ बघून बोलतो,
दोरा तुटला हे भुवईनं सांगतो.
वाटायचं, परशूही तसाच,
घरचंच वळण.

दवाखान्यात काचेच्या खोलीत बसवून
तपासलं त्याला.
मुंगीएवढा आवाजही ऐकतो म्हणाले.
कान चोख.
पुढं मेंदूत, जिथं आवाज उलगडायचा,
तिथं गुंता.
एवढं मला कळलं.
गुंता सोडवण्यावरच तर पोट आहे.

सात वर्षांचा झाला तरी स्वतःचं नाव
'पशू' सांगतो.
मधला र कुठं गळतो कुणास ठाऊक.
शाळेत पोरं चार पायांवर रांगून दाखवतात.
'माग लाव' म्हटलं,
तर वाघ बघायला दारात गेला.

शेजारी म्हणाले, दोन भाषांनी घोळ केलाय,
एक काय ती ठेव.
कुठली ठेवू?
त्याच्या आईची,
की समोरच्या बाळव्वाची,
जिच्या 'बा इल्ली'ला तो एका हाकेत धावतो?
कोपऱ्यावरच्या पाटीला परवा कुणी डांबर फासलं.
हा बोट लावून वास घेत बसला.
खाली कुठली अक्षरं होती,
त्याला काय त्याचं.

शिरगुप्पी मॅडम म्हणाल्या,
"दोन्ही बोला की. हळू बोला. मग थांबा.
ते मुलगा उत्तर आणतंय,
लांबून आणतंय."
मॅडमचं मराठी असं.
त्यांना कुणी हसत नाही.

एका सकाळी विचारलं,
परशू, काल जत्रेत काय बघितलंस रे?
तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला.
मी मागाला लागलो. विसरलो.

चार वाजता करंट गेला.
अख्खी गल्ली एकदम थांबली.
नळ ठिबकताना ऐकू आला,
बाळव्वाचं दळण निवडणं,
आणि पाठीमागून, सुटं सुटं,
"पाळणा. वर गेला. नीरू दिसलं, लई.
भ्यालो नाही.
बा."

ते 'बा' म्हणजे बाप,
की बाळव्वाचं 'ये',
विचारलं नाही.
उठून गेलो.

साडेचारला करंट आला.
शेजारचे माग धडाडले.
माझं बोट बटणावर होतं.
त्याचं तोंड अजून उघडं होतं.