काळं शोधणारं यंत्र

लेझरवाल्यांनी तिला परत पाठवलं.
काचेचं दार, गार हवा,
आणि विशीतली एक पोरगी म्हणाली म्हणे,
आजी, आमचं यंत्र काळं शोधतं,
तुमच्या हनुवटीवर काळं काही उरलेलं नाही.

मग ती माझ्याकडे आली. औषधाच्या दुकानामागची खोली,
वाऱ्यानं रात्रंदिवस खडखडणारी खिडकी.
गावाचं नाव बाहिया ब्लांका, म्हणजे पांढरं आखात.
तिचं नाव आयदे लारासाबाल, वय एकाहत्तर.
माझी सुई रंग विचारत नाही.

एकतीस वर्षं मी मुळांवर उठलेली बाई.
भिंगात एक केस धरायचा,
तो ज्या वाटेनं बाहेर आला त्याच वाटेनं
सुई आत सोडायची.
टोचली, तर वाट चुकली.
पायाखालचं पेडल, आणि मनात आकडे.
आत आपलंच मीठ असतं, आपलंच पाणी,
विजेनं त्याचा खार होतो
आणि तो खार मूळ खातो.
मग चिमटा. केस ओढावा लागू नये,
लोण्यातून यावा तसा यावा.
पुढचा. पुढचा.

बोलू नका म्हटलं तरी गिऱ्हाइकं बोलतात.
आयदे कापूस फिरवतानाच्या फटीत बोलायची.

"ऑगस्टमध्ये खुब्याचं ऑपरेशन.
दहा दिवस पडून राहायचं.
दहा दिवसांत काय उगवतं, तुला ठाऊक आहे.
नर्सला काय सांगू, आरसा धर म्हणून?"

"सत्तेचाळीस वर्षं साडेचारला उठले.
न्हाणीघराला आतून कडी, नळ बारीक सोडलेला,
पलीकडे एवारिस्तो घोरत.
त्याला केसभरही पत्ता लागू दिला नाही."

केसभरही, असं स्वतःशीच म्हणून हसली,
मला सुई घाईनं बाहेर घ्यावी लागली.

एवारिस्तो बंदरावर होता, गव्हाच्या कोठारांत.
मागच्या मार्चमध्ये गेला.
"लग्नाच्या फोटोतसुद्धा दाढीच,
छातीपर्यंत. उभ्या जन्मात गालाला पातं लावलं नाही गड्यानं.
रात्री मी तिच्यातून कुसळं वेचायची."

मी कापूस फिरवला. सहज विचारलं,
खरंच सहज, माझं लक्ष पुढच्या केसाकडे होतं,
"मग ब्लेडं कोण आणायचं?"

"तोच की. पगाराच्या दिवशी.
साखर, येर्बाची पुडी, साबण,
आणि ब्लेडांचं एक पाकीट. आरशामागच्या कप्प्यात, उजवीकडे..."

खिडकी खडखडली.

भिंगाखाली हनुवटी इतकी मोठी दिसते
की ती थरथरली
तर एखादा अख्खा जिल्हा हलल्यासारखा वाटतो.
मी सुई वर धरून बसले.
हलत्या जमिनीत सुई घालत नाहीत.

मी पैसे मिनिटांचे घेते.
ती मिनिटं मांडली नाहीत.

मग तिनं मान मागे टाकली.
"अजून किती बैठका?"
मी नेहमीचं सांगितलं, सगळ्यांना सांगते तेच:
सगळे केस एका वेळी वर नसतात,
काही महिनोन्‌महिने आत झोपून असतात.
वर आल्याशिवाय सुईला सापडत नाहीत.
वर्ष धरा. कुणाकुणाला दीड.
ऑगस्टपर्यंत निम्मंच होईल.

"बरं," ती म्हणाली.
डोळे मिटलेलेच. "चालू ठेव."

त्या दिवशी एकशे बारा निघाले.
जबड्याखाली लाल ठिपके, वर कोरफडीचा गर.
तिनं कोट चढवला, रुमाल बांधला,
आणि गाठ मारता मारता हात
सवयीनं हनुवटीकडे गेला.
लावू नका, मी म्हटलं, दोन दिवस.

दार उघडलं तसा वारा आत घुसला,
टेबलावरचा कापूस उडाला.
मी तो गोळा करत होते, वाकून,
तेव्हा तिचं ऐकू आलं, माझ्याशी नव्हे बहुतेक:

"शेवटच्या पाकिटात चार आहेत अजून.
कागदसुद्धा काढलेला नाही."